मोहरी मुंगीचा तीळ आणि सहा वितींचं टेबल

साल दोन हजार पाच. पौष महिना. संक्रांत दोन दिवसांवर. थंडी अशी, की माठातलं पाणीसुद्धा कुडकुडत होतं.

एक घर होतं. त्या घरात कॉम्प्युटर आला. मोठ्या खोक्यातून आला. पुढे काचेचं तोंड. मागे मोठं पोट.

आता ठेवायचा कुठे?

जेवणाच्या टेबलावर? नको. आमटी सांडेल.

शिलाई मशीनवर? नको. मशीन अरुंद. कॉम्प्युटर रुंद.

इस्त्रीच्या टेबलावर? नको. ते हलतं. डुगडुग डुगडुग!

खाटेवर? खाट म्हणाली, "कुर्रर्र! मी नाही."

घरात एक वहिनी होत्या. रोहिणीवहिनी. त्या म्हणाल्या, "बापू, मला रोज बसून लग्नपत्रिका टाईप करायच्या आहेत. टेबल धड हवं."

बापू म्हणजे वहिनींचे सासरे. घरात सगळ्यांत मोठे. मिशीही त्यांचीच सगळ्यांत मोठी.

बापू म्हणाले, "नवं करू. इकडे भिंत, तिकडे कपाट. मधे बसवू. माप मी घेतो."

"टेपने घ्या हं, बापू."

"टेप? माझ्या घरात टेप नको. हे घर मी वितीने मोजलं. अजून उभं आहे."

बापूंनी हात पसरला. अंगठा इकडे. करंगळी तिकडे. ही झाली एक वीत.

एक वीत. दोन विती. तीन विती. चार विती. पाच विती. सहा विती. भिंतीपासून कपाटापर्यंत सहा विती.

मग बापूंनी हणमंतमामांना सांगितलं. हणमंतमामा म्हणजे सुतार.

"हणमा, सहा विती. कमी नको. जास्त नको."

"सहा विती. बरं, बापू."

मामांनी आपला हात पसरला. सहा विती मोजल्या. टेबल केलं. सागाचं. गुळगुळीत.

टेबल घरी आलं. पण मधे जाईना.

"रेटा," बापू म्हणाले.

रेटलं. जाईना.

"तिरपं करा."

तिरपं केलं. ठप्प! तिरपंच बसलं. तीन पाय आत, एक पाय बाहेर. वर कॉम्प्युटर बसला.

"बसलं की," बापू म्हणाले.

वहिनी जरा तिरप्या बसल्या, मग लाडू वळायला गेल्या. मामा अंगणात गेले.

पण तो बाहेरचा पाय! तो पाय पडला एका तिळावर.

तीळ कुणाचा? मोहरीचा. मोहरी म्हणजे एक मुंगी. मोहरीएवढी, म्हणून मोहरी.

वहिनींच्या परातीतून एक तीळ सांडला होता. मोहरीने तो डोक्यावर घेतला. स्वयंपाकघर ओलांडलं. उंबरा ओलांडला. भिंतीपाशी आली. दमली. तीळ खाली ठेवला. एकच श्वास घेतला.

आणि ठप्प!

भिंतीच्या फटीत मोहरीचं घर. घरात सात बाळं. एक तीळ सात जणांनी वाटून खायचा, ही त्यांची संक्रांत.

फटीतून बाळं ओरडली, "आई, तीळ आला?"

"आलाच!" मोहरी म्हणाली. आणि निघाली.

तुरू तुरू तुरू. मोहरी आली टेबलापाशी.

"टेबलदादा, टेबलदादा, पाय उचल."

"का गं मोहरी?"

"माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

टेबल म्हणालं, "मी नाही उचलणार. पाठीवर कॉम्प्युटर आहे. पाय उचलला तर पडेल. धडाम! तो खाली उतरला तर उचलेन."

तुरू तुरू तुरू. मोहरी टेबलावर चढली. आली कॉम्प्युटरपाशी.

"कॉम्प्युटरराव, कॉम्प्युटरराव, खाली उतरा."

"कोण बोललं? मला कुणी दिसत नाही."

"दिसत नाही, पण आहे. मी मोहरी."

"बरं बरं. का गं मोहरी?"

"टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

कॉम्प्युटर म्हणाला, "मी नाही उतरणार. माझं शेपूट वायरीने धरलंय. तिने सोडलं तर उतरेन."

तुरू तुरू तुरू. मोहरी आली वायरीपाशी. वायर भिंतीवरून लोंबत होती. काळी, लांब, वळवळीत.

"वायरताई, वायरताई, कॉम्प्युटरला सोड."

"का गं मोहरी?"

"कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

वायर म्हणाली, "मी नाही सोडणार. आणि लांब उभी राहा. मला मोठी माणसंच हात लावतात. वहिनींनी काढलं तर सोडेन."

तुरू तुरू तुरू. मोहरी आली स्वयंपाकघरात. वहिनी लाडू वळत होत्या. तिळाचे, गुळाचे. हात चिकट चिकट.

"वहिनी, वहिनी, वायर काढा."

"का गं मोहरी?"

"वायर कॉम्प्युटर सोडेना,
कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

वहिनी म्हणाल्या, "मी नाही काढणार. काढून ते धूड ठेवू कुठे? माझ्या डोक्यावर? तिरप्या टेबलाशी जरा बसले, तर माझी मान तिरपी झाली. पण बापूंना सांगणार कोण? मामा कामाला लागले तर काढेन."

तुरू तुरू तुरू. मोहरी आली अंगणात. मामा शेवग्याखाली बसले होते. बशीतून चहा पीत होते. फुर्र! फुर्र!

"मामा, मामा, कामाला लागा."

"का गं मोहरी?"

"वहिनी वायर काढेनात,
वायर कॉम्प्युटर सोडेना,
कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

मामा म्हणाले, "मी नाही लागणार. सहा विती सांगितल्या. सहा विती केल्या. माझं काय चुकलं? आणि करवत रुसलीय. ती जागची हलली तर लागेन." फुर्र!

तुरू तुरू तुरू. मोहरी आली करवतीपाशी. करवत पिशवीत आडवी पडली होती. सगळे दात बाहेर.

"करवतमावशी, करवतमावशी, जागची हल."

"का गं मोहरी?"

"मामा कामाला लागेनात,
वहिनी वायर काढेनात,
वायर कॉम्प्युटर सोडेना,
कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

करवत म्हणाली, "मी नाही हलणार. मी रेघेवरून चालते. रेघ नाही, तर चाल नाही. एकदा कापलं की पुन्हा जोडता येत नाही, बाई. रेघ कुठे मारायची ते टेप सांगतो. तो बाहेर आला तर हलेन."

तुरू तुरू तुरू. मोहरी पिशवीच्या तळाशी गेली. तिथे एक गोल डबी. डबीत टेप. गुंडाळून बसलेला.

"टेपभाऊ, टेपभाऊ, बाहेर ये."

"शूऽऽ! हळू बोल. का गं मोहरी?"

मोहरी हळू बोलली.

"करवत जागची हलेना,
मामा कामाला लागेनात,
वहिनी वायर काढेनात,
वायर कॉम्प्युटर सोडेना,
कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

टेप म्हणाला, "मी नाही येणार. या घरात मला बंदी आहे. बापूंची मिशी पाहिलीस ना? बापू 'ये' म्हणाले तर येईन."

तुरू तुरू तुरू. मोहरी आली पायरीवर. बापू उन्हात बसले होते. डोळे मिटलेले. मिशी जागी.

"बापू, बापू, 'ये' म्हणा."

"कुणाला?"

"टेपला."

मिशी हलली. "का गं मोहरी?"

"टेप बाहेर येईना,
करवत जागची हलेना,
मामा कामाला लागेनात,
वहिनी वायर काढेनात,
वायर कॉम्प्युटर सोडेना,
कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

बापू म्हणाले, "मी नाही म्हणणार. माझं माप चुकत नाही."

झालं. आता पुढे कुणी नव्हतं. बापूंच्या वर या घरात कुणीच नव्हतं.

मोहरी पायरीवर बसली.

फटीतून बाळं ओरडली, "आई, तीळ आला?"

मोहरी 'आलाच' म्हणाली नाही. तिने बापूंच्या हाताकडे पाहिलं. मग उठली.

"बापू, हात पसरा."

"कशाला?"

"पसरा तर."

"चावशील."

"चावेन कशाला? चावले तर हात हलेल. मला तो न हलणारा हवा."

बापूंनी हात पसरला. अंगठा इकडे. करंगळी तिकडे. मोहरी अंगठ्यावर चढली. तुरू तुरू तुरू. करंगळीच्या टोकाला पोचली.

"ही तुमची वीत, बापू?"

"हीच. बरोबर आहे."

"बरोबरच आहे," मोहरी म्हणाली. मग तिने अंगणाकडे पाहून हाक मारली. एवढीशी मुंगी, पण हाक केवढी!

"मामा, मामा, इकडे या!"

"आता का गं मोहरी?"

"बापू 'ये' म्हणेनात,
टेप बाहेर येईना,
करवत जागची हलेना,
मामा कामाला लागेनात,
वहिनी वायर काढेनात,
वायर कॉम्प्युटर सोडेना,
कॉम्प्युटर खाली उतरेना,
टेबल पाय उचलेना,
माझा तीळ निघेना.
सात बाळं घरात,
संक्रांत आली दारात!"

"अगं, दमशील," मामा म्हणाले. बशी ठेवली. आले.

"मामा, बापूंच्या तळव्याला तुमचा तळवा लावा."

मामांनी लावला. तळव्याला तळवा. बोटाला बोट.

मोहरी खालून निघाली. तुरू तुरू तुरू. मनगट गेलं. तळवा गेला. बोटं आली. बापूंचं बोट संपलं. पण मोहरी थांबली नाही. मामांचं बोट अजून होतं. तुरू तुरू. अजून होतं. तुरू. टोकाला जाऊन ती उभी राहिली.

"बापू, मी कुठे आहे?"

बापूंनी मान वर केली. "वर."

"आणि तुमचं बोट?"

बापू पुढे वाकले. मग म्हणाले, "खाली."

कुणी हसलं नाही.

"हणमा," बापू म्हणाले, "तुझा हात कधी एवढा झाला रे?"

मामा म्हणाले, "लहान होतो तेव्हा तुमचं बोट धरून चालायचो. नंतर वाढला, बापू."

"माझी वीत बरोबर होती."

"होती, बापू."

"तुझीही बरोबर होती."

"होय, बापू."

"मी विती सांगितल्या. कुणाच्या, ते सांगितलं नाही." बापूंनी मिशीवरून हात फिरवला. एकदा. दोनदा. "चुकलो मी."

मग पिशवीकडे तोंड केलं. मोठ्याने म्हणाले,

"टेपा, ये!"

बापू 'ये' म्हणाले,
टेप बाहेर आला, सर्रर्र!
करवत जागची हलली, झणझण!
मामा कामाला लागले,
वहिनींनी हात धुतले, हात पुसले,
बटण बंद केलं, वायर काढली, टक्!
वायरीने कॉम्प्युटर सोडला,
कॉम्प्युटर खाली उतरला, हुश्श!
टेबलाने पाय उचलला.

टेबल अंगणात गेलं. टेपने माप सांगितलं. पेन्सिलीने रेघ मारली. करवत रेघेवरून चालली. खर्र खर्र! खर्र खर्र! फळी कापली. पाय आत घेतले. पुन्हा ठोकले. ठक ठक ठक!

टेबल घरात आलं. भिंत आणि कपाट यांच्या मधे सरकलं. सूऽऽऽ! चारही पाय आत. तिरपं नाही, डुगडुगतं नाही.

कॉम्प्युटर वर बसला. वहिनी समोर बसल्या. मान सरळ झाली. वहिनी हसल्या. मामा हसले. टेप डबीत जाऊन हसला. करवतीचे तर दात बाहेरच होते.

मोहरी हसली नाही.

ती जमिनीवर उभी होती. जिथे टेबलाचा पाय होता, तिथे.

बापूंनी पाहिलं. "का गं मोहरी? पाय उचलला ना? तीळ घे तुझा."

"घेऊ कसा, बापू?"

बापू खाली वाकले. गुडघे वाजले, कट कट. बापू फरशीवर बसले. डोळे बारीक केले.

तीळ नव्हता. तेलाचा एक ठिपका होता.

फटीतून बाळं ओरडली, "आई, तीळ आला?"

वहिनींनी ऐकलं. मामांनी ऐकलं. बापूंनीही ऐकलं.

वहिनी उठायला लागल्या. बापू म्हणाले, "तू बस. हे माझं काम आहे."

बापू उठले. कट कट. स्वयंपाकघरात गेले. परातीतून मूठभर तीळ घेतले. आले. पुन्हा बसले. कट कट. मूठ उघडली.

"घे."

मोहरीने मुठीकडे पाहिलं. केवढे तीळ! पांढरा डोंगरच.

"मूठ नको, बापू. माझा एक होता."

"असू दे. घे."

"माझा एक होता."

बापूंनी मोहरीकडे पाहिलं. मोहरीने बापूंकडे पाहिलं. बापूंनी मान डोलावली.

बापूंची बोटं जाड. तीळ बारीक. एक उचलला, निसटला. दुसरा उचलला, निसटला. तिसरा धरला. घट्ट धरला. फटीच्या दारापाशी नेला.

बापूंनी एक तीळ ठेवला.

मोहरीने एक तीळ उचलला.